तुम्ही विचारलंत म्हणून: दोन मिनिटांच्या कामाला सही कशाला?

"बहीन, प्रिंटर चालस नही. जरासं देखी ले ना." असा फोन येतो. मी जाते. पाण्याचा तांब्या पुढे येतो, आत चहा ठेवला जातो, तोवर सगळं छान असतं. मग मी पिशवीतून लाल पुठ्ठ्याची वही काढते आणि घरातल्यांचे चेहरे बदलतात. "सही? एवढ्याशा कामाला? आम्हनावर भरोसा नही का तुले?"

सात वर्षं हेच ऐकतेय. एका काकांनी तर अमळनेरची आबरूच मध्ये आणली. म्हणाले, "1945 साली विप्रो याच गावात तेलगिरणी म्हणून उभी राहिली. तिचे शेअर घेताना आमच्या म्हाताऱ्यांनी इतक्या सह्या केल्या नसतील." मी हसले, वही पुढे केली. त्यांनी न वाचता सही ठोकली. सगळे न वाचताच ठोकतात, त्यावर पुढे बोलते.

वहीत चार ओळी असतात. काय बिघडलंय, मी काय करणार, कुठल्या फाइली जपायच्या आणि त्या कुठे आहेत. खाली तारीख आणि तुमची सही.

आधी तुमची बाजू. काम खरंच दोन मिनिटांचं असतं, मी कुठे नाही म्हणते? निम्म्या घरांत प्रिंटर बिघडलेलाच नसतो. सेटिंगमध्ये कागद 'लेटर' असतो, ट्रेमध्ये एफोर, आणि दिवा लुकलुकत बसतो. झाडताना यूएसबीची वायर निघते, कुणीतरी ती शेजारच्या भोकात खुपसतं, कॉम्प्युटर त्याच प्रिंटरची 'कॉपी 1' म्हणून नवी नोंद करतो आणि तुम्ही जुन्या नावावर प्रिंट देत राहता. वायफायचा डबा बदलला की प्रिंटर 'ऑफलाइन'. शाईच्या टाकीवाले प्रिंटर आपल्याकडच्या मे महिन्यात न वापरता ठेवले की कागदावर शाई सोडणाऱ्या भागात, म्हणजे हेडमध्ये, शाई वाळते. हेड क्लीनिंग दोनदा चालवायचं आणि थांबायचं. तुम्ही दहा वेळा चालवता, मग टाकी रिकामी होते आणि ती शाई पिणारा आतला पॅड भरतो, तो वेगळा खर्च. यातल्या कशालाही सही लागत नाही, हे मलाही कळतं.

पण त्या दिवशी मीही प्रिंटर बघायलाच गेले होते.

2018चा मे. मावशी, म्हणजे माझ्या आईच्या वयाच्या. पन्नाशीनंतर हट्टाने एमएससीआयटी केलेल्या, तेही मी शिकवायचे त्याच सेंटरला, माझ्याच बॅचला. त्यांचा बचत गट होता. बारा बायका, महिना दोनशे रुपये, आणि आपसांत कर्जाची देवघेव. हिशेब मावशी एक्सेलमध्ये ठेवत, नावं कृतिदेव फॉन्टमध्ये (तो इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देतो) टाइप करत, महिन्याच्या शेवटी प्रिंट काढून रजिस्टरला चिकटवत. प्रिंटर मार्चपासून बंद होता. बायका चिठ्ठीवर रक्कम लिहून देत, मावशी ती फाइलमध्ये चढवून चिठ्ठी फाडून टाकत. मार्च म्हणजे परतफेडीचा महिना, तेव्हा चिठ्ठ्या पुष्कळ होत्या.

प्रिंटच्या रांगेत तीन कामं अडकलेली. पहिल्यापुढे 'डिलीटिंग' लिहिलेलं, आणि ते दोन महिने डिलीटच होत होतं. मी दोनदा रिस्टार्ट केलं, जैसे थे. आज मला माहीत आहे की प्रिंटची रांग सांभाळणारी प्रिंट स्पूलर नावाची सर्व्हिस बंद करायची, विंडोजच्या स्पूल फोल्डरमधल्या त्या अडकलेल्या फाइली पुसायच्या, सर्व्हिस परत चालू करायची. चहा निवायच्या आत होतं. तेव्हा माहीत नव्हतं. सेंटरमध्ये आम्ही कशालाच डोकं लावत नसू. मशीन अडलं की फॉरमॅट, म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकायचं. शिवाय मावशींचं मशीन कमालीचं हळू होतं, आणि मला शहाणपण सुचलं की एकदाच सगळं साफ करून देऊ.

"मावशी, महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला आहे ना?"

"हो वं माय, तूच तं शिकाडेल शे. सगळं डी मा शे."

होतंच. लग्नाचे फोटो, आरत्या, नातवाचे व्हिडिओ, सगळं डीमध्ये शिस्तीत. 'महत्त्वाचं ते डीमध्ये' हे फळ्यावर मीच लिहिलं होतं. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो, हे लिहिलं नव्हतं. हिशेबाची फाइल रोज लागायची म्हणून डेस्कटॉपवर होती. समोरच तर दिसते, तिला कशाला कुठे ठेवायचं?

इन्स्टॉलच्या वेळी ड्राइव्हची यादी येते, तिच्याखाली 'फॉरमॅट' असतं. दाबलं की सूचना येते, सगळं पुसलं जाईल म्हणून. ती मी वाचली नाही, ओके केलं. आणि ऐका, त्याच पडद्यावर फॉरमॅट न दाबता नुसतं 'नेक्स्ट' केलं असतं, तर जुना सगळा संसार 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये बसून राहिला असता, मावशींच्या डेस्कटॉपसकट. हे मला माहीत होतं. जागा फुकट जाते म्हणून मी तसं कधी करत नसे.

दोन तासांनी प्रिंटरमधून टेस्ट पेज गरमागरम बाहेर आलं. मावशी खूष. खुर्चीवर बसल्या, माउस हातात घेतला आणि थांबल्या. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी बोट टेकवलं. "इथं होती ना माझी फाइल." कोपऱ्यात निळा रंग होता, बाकी काही नाही. बोट त्यांनी बराच वेळ काढलं नाही. काचेवर पिठाचा ठसा राहिला. स्वयंपाकातून उठून आल्या होत्या.

हार्डडिस्क घरी नेली. फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर दोन रात्री चालवलं. पुसलेलं लगेच जात नाही, त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की जातं, आणि मी त्यावर अख्खं विंडोज लिहिलं होतं. नावं हरवलेल्या, नुसते आकडे लावलेल्या शेकडो फाइली आल्या. त्यात एक एक्सेल उघडली, तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. खराब झाली म्हणून बंद करणार, तेवढ्यात आठवलं, कृतिदेव फॉन्टही फॉरमॅटमध्येच गेला. फॉन्ट टाकला आणि एकेक बाई उमटली, बाराच्या बारा. मला रडू आलं. मग खाली सरकवलं. फाइल फेब्रुवारीपर्यंतची होती, म्हणजे जेवढं रजिस्टरला आधीच चिकटवलेलं होतं तेवढंच.

इथवरचं मी पूर्वी एक-दोघींना सांगितलंय. पुढचं नाही.

गटाची बैठक झाली, मला बोलावलं. एकीने विचारलं, "खरंच गेलं का सगळं?" आणि मी म्हणाले, "व्हायरसने खाल्लं असेल." असेल! मावशींनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलल्या नाहीत. त्या घरात कॉम्प्युटरला हात लावणारी दुसरी कोणी नव्हती. व्हायरस घरात कुणी आणला, हे बायकांनी आपापल्या मनात ठरवलं. दोघी म्हणाल्या, आम्ही जास्त भरले होते. मावशींनी चौतीसशे रुपये पदरचे घातले. मी निम्मे देते म्हणाले, तर "राहू दे" एवढंच उत्तर आलं.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, मी विचारलं होतं आणि मावशी हो म्हणाल्या. फक्त दोन महिन्यांचा तर हिशेब. मी तिला सांगते, 'हो' शिवाय दुसरं उत्तर येणारच नाही, असा तो प्रश्न होता. ती म्हणते, मग तुझ्या वहीने काय होणार? मावशींनी सहीही केलीच असती, बाकीच्यांसारखी, न वाचता. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुम्हाला वाटतं मी स्वतःला वाचवायला सही घेते. तेही असेल. एवढं खरं की चार ओळी लिहिताना माझा हात माउसवर नसतो.

14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा सपोर्ट संपला तेव्हापासून तर रोजच फोन. जुन्या मशीनमध्ये टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय नसते, विंडोज 11 नियमाने बसत नाही, आणि घरोघरी एकच वाक्य: "फॉरमॅट मारी दे ना." जावळ काढायला सांगावं तसं सांगतात.

त्याच दिवसांत मावशींचा फोन आला, सात वर्षांनी. मी गेले, वही काढली. "सही कशाला" असं त्यांनी विचारलं नाही. चष्मा लावला, चारही ओळींखालून बोट फिरवत वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी जागा करून 'डेस्कटॉप' असं लिहिलं. मग सही केली. काम संपेपर्यंत माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. निघताना पैसे दिले, मोजून. चहा झाला नव्हता.