साठ दिवस आधी भूक कशी सांगायची?

मार्चमधली दुपार. साडेतीनला कोथरूडच्या आमच्या सोसायटीत वॉचमनसुद्धा डुलक्या काढत असतो. आमच्या जेवणाच्या टेबलावर मात्र दोन लॅपटॉप उघडे, नवऱ्याच्या हातात क्रेडिट कार्ड आणि स्पीकरवर न्यू जर्सीहून ताई, म्हणजे माझी नणंद. तिकडे सकाळचे सहा वाजायला चार मिनिटं कमी होती.

"अगं, आधी लॉगिन करून ठेव. सहा वाजल्यावर पासवर्ड शोधत बसलीस तर गेलं सगळं," ताई म्हणाल्या.

आम्ही विमानाचं तिकीट काढत नव्हतो, ते केव्हाच झालं होतं. मे महिन्याच्या शेवटी फ्लोरिडात दुपारी कुठे जेवायचं, त्याचं टेबल धरत होतो.

वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये बसून जेवायची जी रेस्टॉरंटं आहेत, त्यांचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. तिथले सकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे साडेतीन आणि थंडीत त्यांची घड्याळं एक तास मागे गेली की साडेचार. एक ते चार या पवित्र वेळेत पुणेकराला उठवून बसवायचं म्हणजे काय! पण एक सोय चांगली आहे. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार असाल तर मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या ६० दिवस आधी पुढच्या १० दिवसांपर्यंतची सगळी जेवणं एकाच बैठकीत धरता येतात. आम्ही पॉप सेंच्युरीत उतरणार होतो, त्यामुळे एक झोपमोड पुरेशी होती.

नवऱ्याला हा सगळा प्रकारच मान्य नव्हता. "भूक काय साठ दिवस आधी सांगून येते का? इमॅजिकाला गेलो तेव्हा कुठे बुकिंग केलं होतं? भूक लागली, समोर दिसलं त्यात शिरलो." तत्त्व म्हणून बरोबर होतं. पण खोपोलीचं इमॅजिका एका दिवसात पायाखाली घालता येतं. डिस्ने वर्ल्ड म्हणजे चार मोठी पार्कं, दोन वॉटर पार्क आणि दोन डझनांहून जास्त हॉटेलं, सगळं मिळून सुमारे १०० चौरस किलोमीटर. शिवाय आम्ही सहाजण: आम्ही दोघं, चौदा वर्षांची लेक, दहा वर्षांचा धाकटा, आई (माझ्या सासूबाई, वय ७१) आणि तिकडून येऊन मिळणाऱ्या ताई. चौघांचं टेबल एक वेळ ऐनवेळी मिळेल, सहाचं मिळणं कठीण.

तर साडेतीन वाजले, लेकीने हवं ते टेबल बरोब्बर पकडलं, नवऱ्याने कार्डाचा नंबर घातला आणि कार्ड चाललं नाही. पुन्हा घातला, पुन्हा नाही. आमच्याच खिशातली भानगड होती. २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते आपण चालू करायचे असतात. बँकेच्या ॲपमध्ये शिरून ते बटण सापडेपर्यंत सात मिनिटं गेली आणि दुपारी साडेबाराचं टेबलही गेलं. उरलं होतं रात्री नऊ वीसचं. तुम्ही जाणार असाल तर या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ते बटण आदल्या दिवशी चालू करा.

कार्ड लागतं ते पैसे भरायला नाही. बहुतेक ठिकाणी पैसे जेवल्यावरच द्यायचे (किल्ल्यातल्या सिंड्रेलाच्या जेवणासारख्या मोजक्या ठिकाणी तेवढे आगाऊ भरावे लागतात). पण टेबल धरून आलाच नाहीत तर माणशी १० डॉलर कापतात. सहाजणांचे साठ, म्हणजे आपले पाच हजारांच्या आसपास. दोन तास आधीपर्यंत रद्द केलं तर मात्र काही नाही. हा दोन तासांचा नियम नीट लक्षात ठेवा, सगळी गंमत त्यातच आहे.

अर्ध्या तासात आमची चार जेवणं धरून झाली. मी विजयी मुद्रेने चहा टाकायला उठले, तेवढ्यात आई कालनिर्णय घेऊन आल्या.

"तुम्ही ते मिकी माऊसवालं जेवण कितव्या तारखेला घेतलंय? त्या दिवशी संकष्टी आहे."

चौघांनी मिळून आख्खी अमेरिका नकाशावर आखली होती आणि पंचांग कुणीच उघडलं नव्हतं. आईंची संकष्टी गेल्या चाळीस वर्षांत चुकलेली नाही. बायपासच्या वर्षीही नाही. चंद्रोदयाआधी जेवायचा प्रश्नच नव्हता आणि फ्लोरिडात त्या दिवशी चंद्र रात्री अकराच्या सुमाराला उगवणार, हे लेकीने फोनवर बघून सांगितलं. नवरा म्हणाला, "आई, तिकडे तिथी बदलत असेल." आई म्हणाल्या, "तू बघू नकोस, मी दाते पंचांग घेऊन येतेय." विषय संपला.

ते बुफे जेवण रद्द करून शेवटच्या दिवशीचा सकाळचा नाश्ता मिळाला आणि तो स्वस्तही पडला. डिस्नेत बुफेला मुलांचा दर फक्त ३ ते ९ वर्षांपर्यंत असतो. आमच्या धाकट्याला फेब्रुवारीत दहा पूर्ण झाली होती, म्हणजे त्यांच्या लेखी तो बापाच्या बरोबरीचा. आपल्याकडे एसटी बारापर्यंत अर्धं तिकीट देते हो! तो दीड वॅफल खाणार आणि आम्ही मोठ्या माणसाचे पैसे भरणार, हे ठरलेलंच होतं. निदान रात्रीच्या ऐवजी सकाळच्या दराने तरी.

मॅजिक किंगडम या पार्कातलं बी अवर गेस्ट रेस्टॉरंट आमच्या हातून निसटलं होतं ते त्या सात मिनिटांत. लेक दोन महिने रोज ॲप उघडून बघत होती. ताईंनी सांगितलं, "रोज बघू नकोस. जायच्या आदल्या रात्री बघ, लोक सोडतात." अगदी तसंच झालं. पार्कात जायच्या आदल्या रात्री साडेदहाला दुसऱ्या दिवशी दुपारी दीडचं सहाजणांचं टेबल दिसलं. कुणाचा तरी बेत बदलला असणार. म्हणजे साठ दिवस आधी मुंडावळ्या बांधून बसलो ते फुकट आणि दोन तासांच्या नियमाने काम झालं.

त्या दीडच्या टेबलाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण बुकिंग कशासाठी करायचं ते मला तिथेच कळलं.

मे अखेरीचं ओरलँडो म्हणजे मुंबईच्या जूनची आठवण. पारा पस्तिशीला आलेला, अंगाला चिकटणारी हवा आणि दुपारनंतर ढग भरून येतात ते वेगळंच. आम्ही सकाळी नऊपासून चालत होतो. एक वाजता आई एका कट्ट्यावर बसल्या, त्यांनी चपलेतून पाय बाहेर काढले आणि म्हणाल्या, "तुम्ही फिरा, मी इथेच बसते." आई असं म्हणाल्या की त्याचा अर्थ काय ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दीडला आम्ही आत गेलो. एसी इतका कडक की त्यांनी पिशवीतून शाल काढली. मोठा दिवाणखाना, छताला झुंबरं आणि उंच खिडक्यांबाहेर बर्फ पडतंय. खोटं, पण पडतंय. आई शाल गुंडाळून ते बर्फ बघत बसल्या आणि सव्वा तास हलल्या नाहीत.

जेवण? ठीक होतं. माणशी सत्तर डॉलरच्या घरात, त्यावर साडेसहा टक्के कर आणि सहाजणांच्या टेबलाला १८ टक्के टिप आपोआप लागते. टिळक रोडला थाळीसाठी पाऊण तास ताटकळणाऱ्या माणसाला हे पचत नाही. पण आम्ही तिथे जेवण विकत घेतलं नव्हतं. दुपारी दीड ते पावणेतीन सहाजणांना बसायला खुर्ची, थंडगार हवा आणि स्वच्छ बाथरूम विकत घेतलं होतं. चार वाजता आई पुन्हा तरतरीत. बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर एक दुपारचं टेबल धराच. रात्रीचं नको, दुपारचं.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. तिथे 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं चालतं असंच धरतात. मेन्यूवर हिरव्या पानाची खूण असते ते पदार्थ पूर्ण वनस्पतीजन्य, त्यात दूधही नसतं. आम्ही "पानवालं द्या, वर दूध-चीज चालेल" असं सांगायचो. बसायच्या रेस्टॉरंटांत हे विचारलं की शेफ स्वतः टेबलापाशी येतो. त्याने आईंना सात-आठ मिनिटं समजावून सांगितलं, आईंनी मराठीत उत्तरं दिली आणि दोघांचं जमलं.

बुकिंगचा खरा भुर्दंड पैशांचा नाही. ६० दिवस आधी टेबल धरलं की कुठल्या दिवशी कुठल्या पार्कात जायचं तेही बांधलं जातं, कारण पार्कातल्या रेस्टॉरंटात जायला त्या पार्काचं तिकीट लागतंच. आमच्या एप्कॉट पार्काच्या दिवशी हेच झालं. तळ्याभोवती अकरा देश मांडलेले आहेत: मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत, मधे चीन, जपान, मोरोक्को, फ्रान्स. (भारत नाही. आईंनी दोनदा विचारलं.) जवळजवळ दोन किलोमीटरची प्रदक्षिणा आणि प्रत्येक देशात काहीतरी तोंडात टाकायला मिळतं. पाच वाजेपर्यंत मुलांचं पोट इतकं भरलं होतं की साडेसातच्या जेवणाचं नाव काढताच धाकटा झोपायचं सोंग घ्यायला लागला. सव्वापाचला नवऱ्याने न बोलता फोन काढला आणि टेबल सोडून दिलं. बोलला नाही, पण चेहरा सगळं सांगत होता. तिथे तो जिंकला, हे मी लिहून देते.

रोजच्या खाण्याला तर बुकिंग लागतच नाही. काउंटरवरच्या ठिकाणी सकाळीच ॲपवरून ऑर्डर द्यायची, अर्ध्या तासाची वेळ निवडायची, पोचलो की 'आलो' असं बटण दाबायचं. अशा काउंटरांवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, बाटली विकत घेऊ नका. आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देतात, फक्त काचेच्या बरण्या नकोत. तिखटमिठाच्या पुऱ्या, बाकरवडी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चटणी असा आमचा एक स्टीलचा डबा रोज बॅग तपासणीतून जायचा. पुण्याहून नेलेली किटली मात्र फसली. आपली किटली २३० व्होल्टची, तिथली वीज १२० ची. ताकद चौथाईवर येते. चहाला आधण यायला पंचवीस मिनिटं, तोवर नवरा अंघोळ करून तयार.

आता सना. हे टेबल साठ दिवस आधी धरलं आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. ॲनिमल किंगडम लॉजमध्ये, किडानी व्हिलेज नावाच्या भागात हे रेस्टॉरंट आहे. हॉटेलातलं असल्यामुळे पार्काचं तिकीट लागत नाही, त्यामुळे आम्ही ते पार्क नसलेल्या दिवशी ठेवलं होतं. खिडकीबाहेर गवताळ माळ आणि त्यात जिराफ, झेब्रे मोकळे. एका जनावराची शिंगं हातभर लांब आणि पायलीएवढी जाड. आफ्रिकेतली अंकोले गाय, असं वेटर म्हणाला. आई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "आपल्या खिल्लारला हिच्याशेजारी उभं करायला पाहिजे." त्यांचं माहेर मंगळवेढ्याचं.

इथे ब्रेड सर्व्हिस म्हणून एक प्रकार आहे: नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा अशातल्या पाच रोट्या आणि सोबत नऊ वाट्या. चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, काकडीचं रायतं, लसणाचं लोणचं वगैरे. धाकट्याने नऊच्या नऊ वाट्या ओळीने चाखून त्यांना मार्क दिले. आईंनी कोथिंबिरीच्या चटणीत दाण्याचं कूट नाही, अशी एकच तक्रार केली. सात दिवसांत पहिल्यांदा जेवताना कुणी कुणाला "तुझं कसं आहे?" विचारलं नाही. सगळे खात होते.

मिकीचा नाश्ता शेवटच्या दिवशी झाला. कंटेम्पररी हॉटेलात, जिथे मोनोरेल थेट इमारतीच्या आतून जाते. मिकी टेबलापाशी आला तेव्हा आईंनी त्याला नमस्कार केला आणि त्यानेही ते चार बोटांचे पंजे जोडले. तो फोटो आता कोथरूडला फ्रीजवर आहे.

आणि संकष्टीचा दिवस. त्या दिवशी कुठलंच टेबल नव्हतं. आईंनी दिवस एक केळं, दोन लाडू आणि डोल व्हिप नावाचं अननसाचं आईस्क्रीमसारखं काहीतरी एवढ्यावर काढला. डोल व्हिप उपासाला चालतं की नाही यावर ताईंशी पंधरा मिनिटं चर्चा झाली, अननस फळ आहे या मुद्द्यावर चाललं. रात्री आतषबाजी झाली आणि गर्दीबरोबर आम्ही बसच्या रांगेत आलो. पावणेअकरा वाजले असतील. मुलं उभ्या उभ्या पेंगत होती. अकराच्या जरा पुढे पार्किंगच्या पलीकडच्या झाडांमागून चंद्र वर आला, तांबूस, एका बाजूने चेपलेला. आईंनी चप्पल काढली, हात जोडले, बाटलीतलं थोडं पाणी कडेच्या गवतावर सोडलं.

"किती वाजले असतील रे आत्ता पुण्यात?"

"सकाळचे साडेआठ."

"म्हणजे तिकडचे सगळे कालच जेवले," असं म्हणून त्यांनी डबा उघडला. बस आली तेव्हा त्यांच्या हातात अर्धी पुरी उरली होती.