फळ मऊ पडतं तेव्हा आत काय चाललेलं असतं

फळ पिकलं की मऊ होणारच असं आपण धरून चालतो, पण आत केवढी उलाढाल चालू असते ते वाचायला लागल्यापासून मी या विषयाच्या प्रेमातच पडलोय.

कच्च्या फळातल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, दोन विटांच्या मधे सिमेंट असतं ना तसा त्यांच्या मधे पेक्टिनचा थर असतो. पेक्टिन म्हणजे साखरेच्याच जातकुळीतल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या, आणि कॅल्शियम या साखळ्या एकमेकींत अडकवून ठेवतं. मग केळं, टोमॅटो, सफरचंद अशी फळं पिकायला आली की स्वतःच इथिलीन वायू सोडायला लागतात, त्या सिग्नलवर एन्झाइम तयार होतात आणि साखळ्या तोडायला घेतात, पेक्टिन विरघळायला लागतं, थर सैल पडतो, पेशींमधलं पाण्याचं प्रेशरपण उतरतं. केळ्यात तर स्टार्चची साखर होते ते वेगळंच. मऊ झालं म्हणजे सडायला लागलं असं म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, सडवायचं काम बुरशी आणि बॅक्टेरियाचं, हे सगळं फळ स्वतःहून करतं.

मला सगळ्यात भारी वाटते ती टोमॅटोची गोष्ट. पेक्टिन तोडणारं एक मुख्य एन्झाइम आहे, पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज, ते जवळजवळ बंद करून अमेरिकेत 1994 मध्ये फ्लेवर सेव्हर नावाचा टोमॅटो बाजारात आणला, आणि तरी तो बऱ्यापैकी मऊ व्हायचाच! कारण हे काम एकट्याचं नाहीच, पेक्टेट लायेज नावाचं पेक्टिन तोडणारं आणखी एक एन्झाइम आहे, पेशींच्या भिंती सैल करणारी एक्सपान्सिन नावाची प्रोटीन्स आहेत, अख्खी टीम आहे.

आणि ते पिठूळ सफरचंद आठवा. करकरीत सफरचंद चावलं की पेशी फुटतात आणि रस तोंडात येतो, पिठूळ सफरचंदात मधला थर इतका कमकुवत झालेला असतो की पेशी न फुटता नुसत्या सुट्या होतात, रस आतच राहतो, म्हणून पाणी भरपूर असूनही ते कोरडं लागतं.

जॅमला किंचित कच्ची फळं घ्यायला सांगतात त्याचंही कारण हेच, पेक्टिनच्या साखळ्या अजून लांब असतात म्हणून जॅम नीट सेट होतो, फार पिकलेल्या फळांचा पातळच राहतो, मग वरून पेक्टिन घालावं लागतं.