खांदा आधी हलतो

माऊलींच्या वाटेवरचा पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यांत लांबचा. आळंदीहून निघाल्यावर सुरुवातीचे दिवस शहरातले, रेटारेटीचे. दिंडी खरी जुळते ती दिवे घाटात, असं माझं ठाम मत आहे. चढावर दम लागतो आणि दम लागला की गाणं तुटायला हवं. पण ते तुटत नाही. म्हणणारा चाल संथ करतो, पखवाजी ठेका सैल सोडतो आणि मागे डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायांना जेवढं झेपतं, त्या मापावर आमची सगळी दिंडी येते. कुणी हुकूम सोडलेला नसतो.

हे कसं होतं, याचं मला फार कुतूहल आहे. एक धागा श्वासाचा आहे. म्हणणाऱ्यानं एक चरण म्हणायचा, टाळकऱ्यांनी तो उचलायचा. चरण संपला की सगळे एकदम छाती भरून घेतात. श्वास आत घेताना हृदयाची गती थोडी वाढते, सोडताना उतरते. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या संशोधकांनी समूहगान करणाऱ्यांच्या ठोक्यांची नोंद घेतली आणि २०१३ साली ती प्रसिद्ध केली. एकत्र गाताना त्या सगळ्यांच्या हृदयाची गती सोबतच वर-खाली होत होती, कारण गाण्यानं त्यांचा श्वास बांधला होता. ते वाचलं तेव्हा मला घाटातला आमचा अभंगच आठवला.

पण नुसत्या श्वासानं भागत नाही, हे पावल्या खेळताना कळतं. लोणंदच्या मुक्कामी दुपारी आमचे टाळकरी समोरासमोर दोन ओळी करून उभे राहिले आणि मलाही ओढलं. दोन पावलं पुढे, वाकून टाळ जमिनीजवळ, दोन पावलं मागे, टाळ डोक्यावर, मग गिरकी. माझ्या समोर परभणीकडचे एक काका होते. टाळाची दोरी बोटाला इतकी घट्ट गुंडाळलेली की बोटावर वळ उठलेला. माझी नजर त्यांच्या पायावर खिळली होती. ते पाहून ठेका न सोडता म्हणाले, "पायाकडं बघू नका माऊली. खांद्याकडं बघा. खांदा आधी हलतो."

खरंच आधी हलतो. पाऊल उचलण्याच्या किंचित आधी अंगाचा भार एका बाजूला झुकतो आणि तो खांद्यावर दिसतो. पाय पडल्यावर पाय टाकला तर आपण कायम मागे राहणार. समोरचा आता काय करणार, हे आपल्या अंगाला अगोदर उमजावं लागतं. बोलण्यातही हेच चालतं. एकाचं वाक्य संपल्यावर दुसऱ्यानं सुरू करेपर्यंत मध्ये साधारण सेकंदाचा पाचवा भागच जातो. एवढ्यात उत्तर जुळवून होत नाही, म्हणजे ऐकता ऐकताच ते जुळवणं चालू असतं. माणूस माणसाच्या थोडा पुढे राहूनच त्याच्या सोबत राहतो.

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्यांचं काय? फलटणच्या वाटेवर लेकरांना खांद्यावर घेऊन लोक तासन्‌तास थांबलेले दिसतात, त्यांचेही पाय जागच्या जागी ताल धरतात. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावात उन्हाळ्यात निखाऱ्यांवरून चालायची प्रथा आहे. तिथे चालणाऱ्यांचे आणि बघणाऱ्यांचे ठोके मोजले गेले. २०११ साली त्याचा निबंध आला. चालणाऱ्याचे आप्तस्वकीय फक्त बसून बघत होते, तरी त्यांचे ठोके त्याच्याशी जुळले. बाहेरून आलेल्या पाहुण्यांचे जुळले नाहीत. म्हणून वारी नुसती बघणाऱ्याला ती किती लागेल, हे त्याचं त्या गर्दीत कोण आहे यावर ठरत असावं, असं मला वाटतं.

संध्याकाळी तळावर समाजआरतीला हा सगळा मेळ एका ठिकाणी येतो. दिंड्या पालखीभोवती गोल धरतात, प्रत्येकीचे टाळ वाजत असतात, शेजारच्याशी बोलायचं तर कानाला लागावं लागतं. चोपदार चांदीचा चोप उंच करतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात थांबतो. पहिल्यांदा येणारे या शांततेनं भारावतात, मीही भारावलो होतो. पण मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची रीत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. त्या थांबलेल्या तळावर ते टाळ सगळ्यांना ऐकू जातात, कुणाला ओरडावं लागत नाही. तिला कुणी गप्प बसवत नाही. सगळ्यांसोबत चालणाऱ्यांनाच वेगळं वाजण्याचा हा हक्क आहे आणि तो रिवाजातच धरलेला आहे. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, पाण्याचा असो, जागेचा असो, प्रश्न ऐकून घेतात. त्यावर तोड निघते. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात आणि आरती सुरू होते.