तुम्ही विचारलंत म्हणून: द्राक्षातला औषधाचा अंश पट्टीवर दिसेल का?

हंगाम तोंडावर आला की नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडकडचे ओळखीचे द्राक्ष बागायतदार मला हटकून विचारतात, "मॅडम, प्रेग्नन्सीची पट्टी पाच मिनिटांत सांगते. मग द्राक्षात फवारणीचं औषध उरलंय का, हे सांगणारी पट्टी का नाही?" मी रसायनशास्त्र शिकवते आणि सोन्याच्या नॅनोकणांवर काम करते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. प्रश्न अगदी रास्त आहे. काही औषधांसाठी अशा पट्ट्या निघाल्याही आहेत. पण तुम्हाला हवी आहे ती सगळ्या औषधांची एकच पट्टी. तशी होणार नाही, आणि का होणार नाही हे नीट सांगितलं पाहिजे, कारण तुमचा अख्ख्या वर्षाचा माल त्यावर अवलंबून असतो.

प्रेग्नन्सीच्या पट्टीवरची लाल रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. ती पट्टी एचसीजी नावाचं, गरोदरपणात तयार होणारं प्रथिन शोधते. हे प्रथिन मोठं असतं, त्यामुळे एक प्रतिपिंड (अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच पकडणारं प्रथिन) त्याला एका बाजूने धरतं, दुसरं दुसऱ्या बाजूने, आणि सोनं रेघेवर अडकतं. फवारणीच्या औषधाचा रेणू याच्या साधारण शंभराव्या हिश्श्याएवढा असतो. भरलेला क्रेट दोघांना दोन बाजूंनी धरता येतो, पण एका मण्याला दोघांनी धरायचं तर बोटं ठेवायला जागा कुठे? छोट्या रेणूंची सगळी अडचण हीच आहे.

मग उलटा मार्ग घेतात. रेघेवर आधीच ते औषध बांधून ठेवायचं आणि सोन्याला त्याचं प्रतिपिंड चिकटवायचं. नमुन्यात औषध नसेल तर सोनं रेघेवर जाऊन बसतं. नमुन्यात औषध असेल तर प्रतिपिंड आधीच गुंततं आणि रेघ उमटत नाही. म्हणजे रेघ दिसली तर माल ठीक, रेघ गायब तर धोका. प्रेग्नन्सीच्या पट्टीची सवय असलेला माणूस हे नेमकं उलटं वाचेल, म्हणून आधी सांगून ठेवते.

दुसरा मार्ग मला जास्त जवळचा आहे, कारण त्यात पदार्थ स्वतःच रंग बदलतो. प्रयोगशाळेत आम्ही सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं द्रावण उकळायला ठेवतो आणि त्यात सोडियम सायट्रेट घालतो. ही रीत टर्केविच यांनी 1951 मध्ये मांडली. पिवळेपणा जातो, द्रावण क्षणभर रंगहीन होतं, मग काळपट-निळसर दिसतं, आणि बघता बघता गडद लाल होतं. वर्गात पहिल्यांदा बघणारी मुलं हमखास विचारतात, सोनं गेलं कुठे. ते तिथेच असतं, साधारण 13 नॅनोमीटरच्या कणांत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्या बारीक सोन्यातले इलेक्ट्रॉन 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून द्रावण लाल दिसतं. कण एकमेकांजवळ आले की हे शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं आणि तोच पातेलाभर लाल रंग जांभळा-निळा होतो. सोन्याच्या अशा लाल द्रावणांचा अभ्यास फॅरेडे यांनी 1857 मध्येच मांडला होता. रंग इतका दाट असतो की सोनं अगदी चिमूटभर लागतं.

आता यात औषध कसं पकडायचं? ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं किडीच्या मज्जासंस्थेतलं एक एन्झाइम बंद पाडतात. तेच एन्झाइम कुपीत घ्यायचं आणि त्याला असं खाद्य द्यायचं, की ते फोडल्यावर गंधक असलेला एक तुकडा सुटेल. गंधक सोन्याला घट्ट चिकटतो, कण गोळा होतात, कुपी निळी होते. द्राक्षात कीटकनाशक असेल तर एन्झाइम बंद पडतं, तुकडा सुटत नाही आणि कुपी लालच राहते. पट्टीवर लाल रेघ म्हणजे माल ठीक होता, इथे मात्र कुपी लाल राहिली म्हणजे धोका. मला ही रचना फार सुंदर वाटते: किडीला मारणारा गुणच औषधाची चुगली करतो.

पण आपल्या बागेत सर्वात जास्त फवारण्या कशाच्या होतात? डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांवरच्या. ती बुरशीनाशकं या एन्झाइमला हातही लावत नाहीत. ही कुपी निळी झाली म्हणून माल स्वच्छ, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर मानू नका.

2010 साल आठवा. आपली द्राक्षं युरोपात अडकली ती सीसीसीमुळे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. ते कीटकनाशक नाही, बुरशीनाशकही नाही. वाढ रोखणारं संजीवक आहे. तेव्हाच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं, म्हणून इथे पास झालेला माल तिथे फेल झाला. मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे टनभर द्राक्षात 50 मिलिग्रॅम. त्या साली कुठल्याही गटाची पट्टी हातात असती, तरी ज्याची पट्टी त्याचंच उत्तर मिळालं असतं. प्रयोगशाळेतला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र, एका नमुन्यात शेकडो औषधं शोधतो, पण यादीत नसलेलं त्यालाही सापडत नाही.

अजून एक गोष्ट. शुद्ध पाण्यात औषध मिसळून केलेला प्रयोग छान दिसतो, पण द्राक्षाचा रस म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. त्यात आम्ल आहे, साखर आहे, क्षार आहेत, काळ्या जातीत रंगही आहे. सायट्रेटने सांभाळलेले सोन्याचे कण आम्लाने किंवा क्षाराने आपोआप गोळा होतात, औषध असो वा नसो. मणी धुवायला बोअरचं पाणी वापरलंत आणि त्यात पुरेसे क्षार असले, तरी कुपी निळी होईल. आमची बरीचशी मेहनत नवा कण बनवण्यात जात नाही, कणांना रसापासून वाचवण्यात जाते. म्हणून विक्रेता पट्टी घेऊन बांधावर आला तर त्याला विचारा: नेमकं कोणतं औषध दिसतं, किलोमागे किती मिलिग्रॅमपर्यंत दिसतं, आणि हे द्राक्षाच्या रसात तपासलंय का. तिसऱ्या प्रश्नावर तो अडखळला तर पैसे देऊ नका.

एवढं असूनही मला ही पट्टी हवी आहे. एका ठरावीक औषधाची चांगली पट्टी असली, तर प्रयोगशाळेची फी भरण्याआधी कळेल की नमुना आज पाठवायचा की आठवडाभर थांबायचं. निर्यातीसाठी कागद लागेल तो प्रयोगशाळेचाच. पण काढणीचा दिवस ठरवणारा माणूस बागेत उभा असतो, आणि त्याच्या हातात आज फवारणीची वही आणि पीएचआयचा (शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायच्या दिवसांचा) हिशेब याशिवाय काही नाही.

तेव्हा या हंगामात आमच्याकडे द्राक्षं आणून द्यायची असतील तर जरूर आणा, आम्हाला खऱ्या बागेचा रस लागतो. एकाच घडाचे मणी नकोत. वेगवेगळ्या ओळींतले, उन्हाकडचे आणि सावलीतले, न धुतलेले आणा. आणि फवारणीची वही सोबत असू द्या, सीसीसीची नोंदही त्यात हवी.