ताजचा टॉवेल आणि अप्पा

मुंबईला गेलेल्या सोलापूरकराचा ताजशी संबंध किती? गेटवेपाशी उभं राहून फोटो काढायचा आणि मागं घुमट आला का ते बघायचं, एवढाच. आत जायचं आमच्याकडं कुणाच्या डोक्यात येत नाही. यंदा अप्पांची पंचाहत्तरी झाली आणि आमच्या सईनं हट्टच धरला, आजोबांना ताजमध्ये चहा पाजायचा. अप्पा म्हणाले, "हितं काय चहा मिळत न्हाई व्हय?" पण तिकिटं निघाल्यावर गुपचूप जाऊन नवा सदरा शिवायला टाकून आले.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी मुंबई, आत्याकडं अंघोळ-जेवण, दुपारी टॅक्सी. टॅक्सीवाल्यानं ठरलेली गोष्ट ऐकवलीच: हॉटेल चुकून उलटं बांधलं, समुद्राकडं पाठ झाली, म्हणून आर्किटेक्टनं जीव दिला. निव्वळ थाप आहे ही. दरवाजा शहराच्या बाजूला ठेवायचं आधीच ठरलं होतं, आता पोहण्याचा तलाव आहे त्या अंगाला. समुद्राचा वारा आणि देखावा खोल्यांच्या वाट्याला. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम चालू असतानाच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरं केलं. १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं. गेटवे पुरा झाला १९२४ साली, त्यामुळं वीसेक वर्षं बोटीतून येणाऱ्याला किनाऱ्यावर ताजच दिसायचं. वैद्य हे नाव ऐकून अप्पा खुलले. "म्हंजे आपलाच माणूस की!"

दारावर बॅगा तपासतात. फेटेवाल्या दरवानानं सलाम ठोकला, तर अप्पांनी चप्पल काढून त्याला वाकून नमस्कार केला. सई लाजली. दरवान मात्र हसला आणि "आत चप्पल चालते, आजोबा" म्हणाला.

जुन्या इमारतीतला जिना बघायला मान मागं टाकावी लागते. मजल्यामागून मजले वर चढत जातात आणि पार वर घुमट. तिथंच जमशेदजी टाटांचा अर्धपुतळा आहे. हा माणूस मुळात गिरणीवाला. नागपूरची एम्प्रेस मिल त्यांनी १८७७ मध्ये सुरू केली, हॉटेलच्या कितीतरी आधी. आमचे आजोबा सोलापूरच्या जुन्या गिरणीत साच्यावर होते आणि अप्पांनी उभी हयात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर काढली. पुतळ्यापुढं ते बराच वेळ उभे राहिले. हात जोडले नाहीत, नुसते बघत होते, एखाद्या जुन्या शेठला बघावं तसं.

लॉबीत २००८ च्या हल्ल्याचं स्मारक आहे. हॉटेलात बळी गेलेल्या ३१ जणांची नावं आहेत त्यावर. आईनं ती एकेक करून वाचली. आम्ही थांबलो.

आणि मग अप्पा हात धुवायला गेले ते येईनात. जाऊन बघतो तर बेसिनजवळच्या टोपलीतला हात पुसायचा छोटा टॉवेल उजेडाकडं धरून उभे. अंगठ्यानं चोळला, काठ उलटून शिलाई बघितली, नखानं एक लूप ओढला. सुटला नाही. मग एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि तो किती लवकर शोषतोय ते बघत राहिले. "सूत बारीक हाय. वजनाला आपला जड बसंल, पण हे धुऊन धुऊन बी मऊ हाय बघ." तिथला पोरगा घाबरून जवळ आला, सर काही प्रॉब्लेम आहे का म्हणून. तो निघाला लातूरचा. अप्पांनी विचारलं, माल कुठनं येतो? त्याला काय माहीत! अप्पांनी खिशातून कार्ड काढून त्याच्या हातात ठेवलं. "साहेबांना द्या. सोलापुरी टॉवेलला जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन हाय म्हणावं, नुसत्या चादरीला न्हाई."

चहा पहिल्या मजल्यावर, सी लाउंजमध्ये. खिडकीजवळचं टेबल हवं असेल तर आधी फोन करून ठेवा. बिलाचा आकडा लिहीत नाही, आई हे वाचते. चहाबरोबर भेळही येते. आईचं मत, चिंचेचं पाणी कमी. पण तिचं लक्ष भेळीत नव्हतंच. या जागी मुलगी बघायचे कार्यक्रम होतात ही मुंबईतली जुनी ख्याती, आणि शेजारच्या टेबलावर तसलंच काहीतरी चाललंय अशी तिची खात्री पटली होती. दोन्हीकडच्या बायका बोलत होत्या, मुलगा चहा ढवळतच होता, मुलगी खिडकीबाहेरच्या बोटी मोजत असावी.

"न्हाई जमायचं," अप्पा म्हणाले.

तेवढ्यात मुलगी काहीतरी बोलली आणि मुलगा चहाचा घोट नाकात जाईपर्यंत हसला. आईनं अप्पांच्या बशीतला केक उचलला. "जमलं."