तुम्ही विचारलंत म्हणून: २३३च का?

"जुने गेम खेळायला एवढं खटाटोप करून मशीन जोडलंत आणि त्यात बसवलात काय, तर पेंटियम एमएमएक्स २३३ प्रोसेसर? त्याच्याहून वेगवान पेंटियम थ्री भंगाराच्या भावात मिळतात की!" घरी येणारा, मशीनचं झाकण उघडं बघणारा प्रत्येक जण हेच विचारतो. भाचा तर पुढचंही विचारतो: "मामा, याच्यावर आयजीआय गेम चालत नाही, मग कसलं जुन्या गेमचं मशीन?" दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून विषय बदलतो. आज पूर्ण सांगतो.

डॉसबॉक्सचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉसचे गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, मुद्दा आधीच बाजूला ठेवू. फक्त गेम खेळायचे असतील तर डॉसबॉक्स घ्या, उत्तम आहे, मीच लोकांना बसवून देतो. मला मशीन हवं होतं.

तर २३३ का? कारण त्याचा वेग कमी करता येतो. जुन्या गेमना वेग लागतो असं सगळे धरून चालतात. पण १९९० चा विंग कमांडर हा अंतराळयुद्धाचा गेम पेंटियम थ्रीवर लावून बघा, समोरचं यान दिसेपर्यंत आपण त्याच्यावर आदळलेलो असतो. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेले कितीतरी डॉस प्रोग्रॅम साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे सुरूच होत नाहीत. 'रनटाइम एरर २००' दाखवतात आणि बंद पडतात. सुरू होताना ते ५५ मिलिसेकंदांत प्रोसेसर किती फेऱ्या मारतो ते मोजतात आणि त्या आकड्याला ५५ ने भागतात. प्रोसेसर जास्तच वेगवान असला की उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही, तिथेच संपलं.

२३३ च्या बोर्डावर यासाठी जंपर आहेत, म्हणजे टोपी बसवायच्या छोट्या पिना. बोर्डाच्या वेगाला (त्याला बस म्हणतात) कितीने गुणायचं, तो गुणक त्यांच्यावर ठरतो. १.५ च्या खुणेवर टोपी बसवली की ही चिप तिला ३.५ समजते, आणि बसच्या ६६ (नेमके ६६.६७) मेगाहर्ट्झचे २३३ होतात. २ वर बसवली की १३३. बस ५० वर आणली की १००. बायोसमधून, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून, आतली कॅश (प्रोसेसरची स्वतःची वेगवान मेमरी) बंद केली की मशीन जवळजवळ ३८६ या आणखी जुन्या प्रोसेसरच्या काळात जातं. पेंटियम थ्रीचा गुणक इंटेलने कायमचा बांधून टाकलेला. ८६६ ची बस उतरवत उतरवत ६६ वर आणली तरी ४३३ च्या खाली जाता येत नाही. कॅश बंद केली तर एकदम तळ. मधल्या पायऱ्याच नाहीत. शिवाय डॉसच्या गेमना आयएसएचं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणारं, साउंड कार्ड लागतं. आमच्या घरच्या पेंटियम थ्रीच्या बोर्डावर आयएसएची जागाच नव्हती.

हे सगळं खरं आहे. पण हे सगळं मी नंतर शिकलो. एमएमएक्स उचलला तेव्हा यातलं निम्मंही मला ठाऊक नव्हतं.

घरचा कॉम्प्युटर २००१ चा. पेंटियम थ्री ८६६, टीएनटी-टू एम६४ चं ग्राफिक्स कार्ड, पंधरा इंची मॉनिटर. बाबांनी ऑफिसच्या सोसायटीतून कर्ज काढलं, पुण्यात जोडून घेतला आणि आम्ही तो एसटीने कऱ्हाडला आणला. मॉनिटरचं खोकं दादाने पूर्ण रस्ता मांडीवर धरलं होतं, टपावर ठेवू दिलं नाही. आईने त्याला जुन्या पडद्याची झूल शिवली. रात्री बाबा झोपले की दादा स्पीकर बंद करून आयजीआय खेळायचा आणि मी शेजारी बसून बघायचो. त्या गेममध्ये मिशनच्या मधे सेव्ह करता येत नसे. मेलात की पहिल्यापासून. चौदा मिशनांपैकी दादा बाराव्यापर्यंत पोचला, मग त्याची नोकरी लागली आणि ते तिथेच राहिलं.

२०२१ मध्ये मी ते मशीन माळ्यावरून काढून पुण्याला आणलं. धूळ झटकली, बटण दाबलं, आणि ते सुरू झालं. बाबा तेव्हा माझ्याकडेच होते. विंडोज ९८ चा आवाज ऐकून आतल्या खोलीतून उठून आले आणि काही न बोलता खुर्ची ओढून बसले.

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पंख्याखालची, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वीस वर्षांत वाळून खडू झाली असणार, ती बदलावी असं डोक्यात घेतलं. विचार चुकीचा नव्हता, आजही नाही. या पेंटियम थ्रीच्या चिपवर झाकण नसतं. हिरव्या पट्टीच्या मधोमध उघडं काळं सिलिकॉन, नखाएवढं, आरशासारखं. त्यावर थेट हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, बसतो. हीटसिंकच्या बुडाला एका कडेने पायरी कापलेली असते, सॉकेटची उंच बाजू तिच्यात बसावी म्हणून. मी तो उलटा ठेवला. त्यामुळे तो तिरका बसला आणि सगळा भार चिपच्या एका कडेवर आला. क्लिप आकड्यात जाईना, म्हणून स्क्रूड्रायव्हर लावून जोर दिला.

दाताखाली खडीसाखर फुटावी तसा आवाज आला.

हीटसिंक काढला. एक कोपरा उडाला होता. मोहरीएवढी काळी, चकचकीत कणी नव्या पांढऱ्या पेस्टमध्ये रुतून बसली होती. कोपरा उडालेल्या चिपा कधी कधी चालतात, म्हणून पुन्हा नीट बसवून बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. बीपसुद्धा नाही. बाबांनी विचारलं, "होईल ना रे दुरुस्त?" मी म्हणालो, "बघतो." मला माहीत होतं, होणार नाही. दादाला फोन केला. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "हार्ड डिस्क ठीक आहे ना?"

ठीक होती. आजही आहे.

दोन महिन्यांनी रविवारी जुन्या बाजारात एका गोणीत प्रोसेसर दिसले. सिरॅमिकचे वेगळे काढलेले, सोन्यासाठी जाणारे. उरलेल्यांत हा २३३ होता. उचलला, उलटा केला, पिना बघितल्या. मग वरचा धातूचा पत्रा अंगठ्याने दाबला. पुन्हा दाबला. त्याचा कोपरा उडणार नव्हता. दोनशे रुपये दिले आणि निघालो. जंपर, कॅश, एरर २०० हे सगळं त्यानंतरच्या रात्रींमध्ये वाचलेलं.

म्हणजे ही सगळी कारणं मागाहून जुळवलेली आहेत, हा तुमचा संशय बरोबर आहे का? निम्मा. माझ्या हातून जे मोडलं ते पुन्हा मोडू शकणार नाही असं काहीतरी मला हवं होतं. पण नंतर कळलेली कारणं खोटी ठरत नाहीत. २०१९ मधला मी मित्रांना सांगत असे की त्या काळातला सगळ्यात वेगवान प्रोसेसर घ्या, विषय संपला. त्या माणसाशी मी आजही वाद घालायला तयार आहे, आणि काही मुद्द्यांवर तो जिंकेल. एएमडीच्या के-सिक्स-टू प्लस या प्रोसेसरचा गुणक डॉसमधूनच बदलता येतो, झाकण उघडावं लागत नाही. तो माझ्या २३३ पेक्षा सरस आहे, मला इथे मिळाला नाही इतकंच. ४.७७ मेगाहर्ट्झच्या मशीनसाठी लिहिलेला १९८३ चा डिगर हा गेम माझ्याकडे कॅश बंद करूनही नको इतका वेगात पळतोच. आणि आयजीआयला किमान पेंटियम टू ३०० लागतो. भाच्याचं बरोबर आहे.

गेल्या दिवाळीत त्याच बाजारात एक ८६६ मिळाला. तोच वेग, तीच हिरवी पट्टी, चारही कोपरे शाबूत. घरच्या बोर्डाला चालतो, हे सॉकेटमध्ये नुसता ठेवून, हीटसिंक हाताने सरळ धरून तपासलं. चार सेकंद, बायोसचा पहिला पडदा आला, लगेच बंद केलं. हीटसिंकच्या पायरीच्या बाजूला लाल मार्करने बाण काढलाय. क्लिप मात्र अजून लावलेली नाही. बाबा फोनवर विचारतात, "आपला चालू केलास का?" मी सांगतो, या रविवारी.