एका पाझरामागे सहा जागा

1998 ची मारुती 800, कार्बोरेटरवाली. आंबोली घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला म्हणून ओढून सावंतवाडीला माझ्याकडे आणली. मालकांचं म्हणणं, दर आठवड्याला रेडिएटरमध्ये लिटरभर पाणी घालावं लागतं, पण खाली थेंब दिसत नाही.

थेंब दिसत नाही याचा अर्थ गळती नाही असा नव्हे. गरम इंजिनावर पडलेलं पाणी जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच वाफ होते. मागे राहतो तो क्षार. बॉनेट उघडल्यावर थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या) झाकणाला पांढरी खपली, त्याच्या होजच्या (रबरी नळीच्या) तोंडाशी तांबूस ओघळ, आणि पंपाकडे पाणी नेणाऱ्या लोखंडी पाईपवर कुणीतरी लिंपलेलं एम-सील. एका तोंडाला तर दोन-दोन क्लिपा.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरच्या तोंडाला दाबाचा काटा असलेला हातपंप लावून 0.9 बार दाब दिला, कारण झाकणावरही तोच आकडा होता. पाच मिनिटांत काटा 0.5 वर आला. एम-सीलच्या कडेने बारीक धार सुटली. पेचकसाच्या मुठीने पाईपवर हलकं टकटक केलं, तर आवाज बदबद. लोखंड आतून खाऊन पापुद्रा उरला होता.

"दादा, क्लिप आवळून आजचा दिवस निघणार नाही का?" मालकांनी विचारलं.

"निघेल काका, पण पुढच्या घाटात हाच पाईप फुटेल. पाणी गेलं की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकतं, आणि मग खर्च कितीतरी पटीने वाढतो."

क्लिप आवळणं हा उपाय का नाही, ते होज काढल्यावर त्यांना दाखवलं. होज आणि धातूच्या तोंडामध्ये बारीकशी फट असते. तिच्यात पाणी साचून राहतं, ते फिरत नाही, म्हणून गंज तिथेच सर्वांत खोल जातो. ॲल्युमिनियमच्या तोंडावर मुगाच्या दाण्याएवढे खड्डे होते. माझा नियम साधा आहे: पॉलिश पेपर मारल्यावरही खड्ड्यात नख अडकलं, तर ते तोंड बाद. क्लिप जितकी आवळाल तितका रबर चिरतो, खड्डा मात्र भरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या दोन एम 6 (6 मिलीमीटरच्या) बोल्टांत. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यात बसला आणि मध्ये पाणी झिरपलं की पांढरी भुकटी तयार होते, आणि ती बोल्टला जखडून टाकते. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू दिलं. सकाळी बोल्टला नव्हे, भोवतालच्या ॲल्युमिनियमला गॅसच्या टॉर्चने ऊब दिली. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे आटे किंचित मोकळे होतात. मग आधी थोडं आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, असं पुढेमागे. एक निघाला. दुसरा तुटला, पण झाकण उचलल्यावर 3 मिलीमीटर शेंडा वर राहिला. त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग केलं आणि लालसरपणा गेल्यावर पान्हा लावला. वेल्डिंगच्या उष्णतेनेच पकड सुटली होती. आटे साफ करायला एम 6 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानेच फिरवला. नवे बोल्ट 10 न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळले नाहीत. इथे जोर दाखवला की आटेच बाहेर येतात.

लोखंडी पाईप लेथवर बनवून घेऊ, असा सल्ला मिळत होता. मी तयार पाईपच घेतला. त्याच्या तोंडाला उठावदार कड असते, ती नसली तर दाब चढल्यावर होज घसरून निघतो. क्लिप त्या कडेच्या मागे बसली पाहिजे, कडेवर नव्हे. ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) बसते ती खाच नायलॉनच्या घासणीने साफ केली, आणि ओ-रिंगला ग्रीस न लावता साबणाचं पाणी लावलं. कूलंटसाठीचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवासाठीचं, रबर खनिज तेलाने फुगतं. सिलिकॉन पेस्टही नाही. आत पिळून आलेला तिचा धागा रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो.

सगळे होज बदलले, सर्वांत लहान बायपासचाही, कारण नेमका तोच विसरला जातो. थर्मोस्टॅट पातेल्यात तापवून पाहिला. 82 अंशांना उघडायला हवा, तो उकळत्या पाण्यातही अर्धाच उघडला.

या सगळ्याचं मूळ मालक रेडिएटरमध्ये घालत होते त्या विहिरीच्या पाण्यात होतं. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, म्हणून कूलंट नकोच असं कोकणात सर्रास समजतात. पण त्यातलं गंजरोधक द्रव्यच धातू वाचवतं. शिवाय किनाऱ्यालगतच्या विहिरींत बरेचदा मीठ उतरतं, आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला भोकं पाडतं.

पाणी स्वच्छ येईपर्यंत सिस्टिम धुतली, शेवटचा हात बॅटरीच्या (डिस्टिल्ड) पाण्याने. मग कूलंट आणि बॅटरीचं पाणी निम्मं-निम्मं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, वरचा होज दाबत हवा काढली, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबलो. दुसऱ्या सकाळी थंड इंजिनात 300 मिलीलिटर आणखी मावलं. हातपंपाचा काटा अर्धा तास 0.9 वरून हलला नाही.